मंगळवारच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

दर मंगळवारी तुम्ही नर्स म्हणून आमचं बीपी-साखर बघता, चार गोष्टी सांगता, त्याचे आभार चर्चमध्ये माइकवरूनच मानायचे होते. पण आभाराची वेळ आली की तुम्ही नेमक्या मागच्या दाराने निघून जाता. म्हणून हे उघड पत्र, मंडळीतल्या सगळ्या साठी-सत्तरी-ऐंशीवाल्यांकडून.

आधी रविवारचं. बायबलमधल्या शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, वेशीच्या आतला परका, सगळ्यांना सुट्टी आहे. त्या यादीत बायकोचं नाव नाही, हे तुम्ही निर्गम २० उघडून दाखवलंत. पाळकसाहेब हसले. उपासनेहून घरी येऊन मटणाचं वाटण घालणाऱ्या बायांना मात्र ते हसू जरा उशिरा आलं. आता कांदा-खोबरं शनिवारी भाजून, वाटून फ्रीजमध्ये जातं, आठवड्याच्या गोळ्यांचा डबाही तेव्हाच भरला जातो, आणि रविवारी फक्त कुकर. तो मुलानेही लावला तरी शिट्ट्या तेवढ्याच होतात, हे तुमचंच वाक्य.

दुसरं, उभं राहण्याचं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन सुरू झालं की सगळे एकदम उठायचे आणि दुसऱ्या कडव्याला कुणीतरी डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसायचं. याला अशक्तपणा म्हणून सगळे मोकळे होत. तुम्ही कारण सांगितलंत: बराच वेळ बसलं की रक्त पायांत साचतं, वयानुसार शिरा ते लगेच वर ढकलत नाहीत, त्यात बीपीची गोळी. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि चर्चमध्ये पाळकांनी गीताचा क्रमांक सांगितला की बसल्या जागीच टाचा दहा-पंधरा वेळा वर-खाली, मग पुढचा बाक धरून उठायचं. बसून गायलं तरी देवाला ऐकू जातं, हेही तुम्ही ठणकावलंत. ते पटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

काठीचं तर उलटंच चाललं होतं. डावा गुडघा दुखतो म्हणून काठी डाव्या हातात! ती उजव्या हातात हवी, म्हणजे दुखऱ्या पायाबरोबर पुढे पडते आणि भार वाटून घेते. बसमध्ये चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस तुम्ही सर्वांत कडक. मधुमेहाची गोळी घ्यायची आणि उपास करायचा, हे भक्तीत बसत नाही. घाम, थरथर, उगाच चिडचिड झाली की साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग पोळी. पेढा नको, कारण त्यातल्या तुपा-दुधाने साखर रक्तात उशिरा उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीच घालायचं नाही. आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांना तर एकोणसाठ पूर्ण झाल्यावर उपासाचं बंधनच राहत नाही, मांसवर्ज्य तेवढं राहतं. हे त्यांनाही तुम्हीच सांगितलंत.

आणि घरचं प्रभूभोजन, म्हणजे पाळक घरी येऊन देतात ती भाकर आणि प्याला. अर्धांगवायूने घास अडकणाऱ्यांना उशीला टेकवून भाकर द्यायची पद्धत होती, म्हणून ठसका. आता पाळक येण्याआधी घरचे त्यांना ताठ बसवतात, हनुवटी किंचित खाली. भाकरीचा अगदी छोटा तुकडा, तोही प्याल्यात भिजवून, आणि तो गिळल्याची खात्री होईपर्यंत प्रार्थना पुढे सरकत नाही. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. त्या अर्ध्या तासात पाळकांना चहा मिळतो, ही त्यांची सोय.

दुपारच्या झोपेची आम्हाला लाज वाटायची. तुम्ही बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढलीत: रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या माणसाला देवदूताने उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. होरेब डोंगराची वाट त्यानंतर. पण लगेच गजरही लावायला लावलात. अर्धा तास, तीनच्या आत; नाहीतर रात्री दोनला छताकडे बघत बसावं लागतं, आणि अंधारात संडासला जाताना पायपुसणं घात करतं. पायपुसणी सगळ्यांकडची उचललीत, ती अजून कुणी परत मागितलेली नाहीत.

तुमचा बीपीचा पट्टा आमच्याकडे राहिला आहे. वेल्क्रो सुटत होतं, ते शिवून घेतलंय. मंगळवारी चहा बिनसाखरेचाच ठेवतो.

तुमचे,
मंडळीतले ज्येष्ठ, पुणे