चित्रपटांच्या दिवसाचा बेत: लेकीस पत्र

राजुरा तालुका, जिल्हा चंद्रपूर

चि. बाळीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीच्या सुटीत मैत्रिणींना घेऊन गावी येण्याचा आणि एका दिवसात ओळीने अद्‌भुत चित्रपट पाहण्याचा तुझा बेत तुझ्या आईने मला सांगितला. चित्रपटांची आणि खाण्याची यादीही मी नीट वाचली. बेत मला मनापासून आवडला आहे आणि म्हणूनच फोनवर दोन शब्दांत उरकण्याऐवजी सविस्तर लिहितो आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, त्या दिवसाचे खाणे शहरातल्या दुकानातून सजवून आणलेले नसावे. ते ज्या त्या गोष्टीतून निघावे आणि आपल्या चुलीवर, आपल्या शेतातल्या जिनसांतून व्हावे. तसे करायचे तर आधी चित्रपटांची निवडच बदलावी लागेल.

तुझ्या यादीत ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग आहेत आणि जमल्यास हॅरी पॉटरही आहे. हॅरी पॉटरचे आठ चित्रपट आहेत, तेव्हा तो विषय या खेपेला बाजूलाच ठेव. ‘रिंग्ज’चे तीन भाग चित्रपटगृहात दाखवले गेले त्या रूपात १७८, १७९ आणि २०१ मिनिटांचे आहेत, म्हणजे मध्ये एकदाही न उठता नऊ तास अठरा मिनिटे. तुम्ही मैत्रिणी ते निभावून न्याल, पण घरात आजी आहे, शेजारची लहान मुले आहेत आणि दारावरून जाणारा माणूसही पडदा दिसला की आत येऊन बसणार आहे. आपल्या घरी काही लावले तर ते साऱ्यांना बसून पाहता यावे, असे मला वाटते.

दिवसभर बसण्याची चिंता मात्र करू नकोस. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या लोकांना ते शिकवावे लागत नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे आपली जत्रा, भरते, नाटक रात्री उशिरा उघडते आणि पहाटेपर्यंत चालते, तरी बायका मुलांना मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसलेल्या असतात. तुझी आजी अशी कित्येक नाटके पाहत आली आहे. नाटकवाल्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे: ते प्रेक्षकाला हात-पाय मोकळे करायला आणि चहा प्यायला पुरेसा वेळ देतात. दोन चित्रपटांच्या मध्ये किमान दीड तास मोकळा ठेव, म्हणजे आम्हाला गुरांचेही पाहता येईल.

माझ्या मते चित्रपट तीनच असावेत: सकाळी जपानी ‘स्पिरिटेड अवे’, दुपारी तेलुगू ‘मायाबाजार’ आणि दिवेलागणीनंतर ‘रिंग्ज’चा पहिला भाग. उरलेले दोन भाग तुम्ही मैत्रिणी दुसऱ्या दिवशी सावकाश पाहा. या तिन्ही गोष्टींत खाणे हे नुसते सजावटीला नाही; ते काढून टाकले तर गोष्टीचे काहीतरी महत्त्वाचे निघून जाते.

‘स्पिरिटेड अवे’ हा हायाओ मियाझाकी यांचा २००१ सालचा चित्रपट १२५ मिनिटांचा आहे. मुलीचे आई-वडील अनोळखी ठिकाणी, कोणी वाढलेले नसताना, दुकानातल्या पदार्थांवर तुटून पडतात आणि त्यांची डुकरे होतात. हा प्रसंग फार लहान मुलांना भेडसावतो, म्हणून त्यांना आयांजवळ बसव. पुढे तीच मुलगी, सगळे हरवल्यावर, मित्राने दिलेला भाताचा गोळा खाते आणि खाता खाता तिला रडू फुटते. इतका वेळ तिने धीर धरलेला असतो. पहिला घास पोटात गेल्यावर तो सुटतो. या प्रसंगी सगळ्यांच्या हातात भाताचा गोळा असावा, असे मला फार वाटते.

त्यासाठी मूल तालुक्यातल्या मामांकडून हलक्या धानाचा नवा तांदूळ मागवून ठेवतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो म्हणून एरवी आपण नाके मुरडतो, पण इथे तोच हवा, कारण जुन्या तांदळाचा मोकळा भात हातात धरला की सांडतो. भात कोमट असताना तळहात मिठाच्या पाण्याने ओले करायचे, ओंजळीत मावेल एवढा भात घ्यायचा, मध्ये बोटाने खळगा करून जवसाची चटणी भरायची आणि फार न दाबता तीन बाजू येतील असे वळायचे. जास्त दाबला तर तो दगडासारखा होतो. त्याच चित्रपटात काजळीच्या चिमुकल्या जिवांपुढे खायला म्हणून रंगीत साखरेचे काटेरी दाणे टाकतात. त्यांच्या जागी आपले साखरफुटाणे मुलांना मूठमूठभर दे. ते बाजारात मिळतात आणि मुलांना त्यांची ओळखही आहे.

दुपारचा ‘मायाबाजार’ मी मुख्यतः आजीसाठी सुचवतो आहे, पण तुझ्या मैत्रिणींनाही तो आवडेल असा माझा भरवसा आहे. के. व्ही. रेड्डी यांचा हा चित्रपट १९५७ सालचा आहे, लांबी १८४ मिनिटे. अभिमन्यू आणि बलरामाच्या मुलीचे लग्न घटोत्कच मायेने कसे घडवून आणतो, ही वत्सलाहरणाची गोष्ट आजीला तोंडपाठ आहे, त्यामुळे भाषा तिला अडणार नाही. जिथे अडेल तिथे शेजारच्या काकू आहेतच. त्यांचे माहेर आदिलाबादकडचे असल्यामुळे त्या तेलुगू सहज समजावून सांगतील. त्या काळी संगणक नव्हते, तरी छायाचित्रकार मार्कस बार्टली यांनी कॅमेऱ्याच्या करामतीने जे दाखवले आहे, ते आजही पाहत राहावेसे वाटते. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नघरी मांडलेल्या पक्वान्नांपुढे एकटाच बसतो आणि गाणे म्हणत म्हणत सगळा स्वयंपाक फस्त करतो. लाडू आपण होऊन उडत त्याच्या तोंडात जातात.

म्हणून दुपारचे जेवण म्हणजे लग्नाची पंगतच हवी. ओसरीत सतरंज्या अंथरून पळसाच्या पत्रावळ्या मांडू. चिंचेचा भात, उडदाचे वडे, पापड, बुंदीचे लाडू एवढे पुरे; अनारसे दिवाळीचे घरात असतीलच, आणि जिलेबी चौकातल्या हलवायाकडून गरम आणू. हा प्रसंग चित्रपटाच्या उत्तरार्धात येतो. साडेअकराला चित्रपट सुरू करून घटोत्कच पाटावर बसला की तिथेच थांबवायचा, पाने वाढून घ्यायची आणि मग गाणे चालू करायचे. थांबवल्याशिवाय वाढायला गेलात तर वाढणाऱ्या बायकांचे गाणे चुकेल, आणि ज्यांनी पहाटेपासून वडे वाटले त्यांनीच ते पाहू नये, हे मला पटत नाही. वाढायला तू, मी आणि तुझा भाऊ उभे राहू. आईला त्या दिवशी पंगतीत बसवायचे आहे.

रात्रीच्या ‘रिंग्ज’साठी एक बारकावा लक्षात ठेव. पीटर जॅक्सन यांच्या या पहिल्या भागाची २०८ मिनिटांची वाढीव आवृत्ती आहे, तीच आण. पानांत गुंडाळलेली प्रवासाची भाकरी, जिच्या एका लहान घासाने मोठ्या माणसाचे पोट भरते असे सांगतात, ती देण्याचा प्रसंग त्या आवृत्तीतच आहे. तो वाचला तेव्हापासून माझ्या मनात आपले पानगेच आहेत. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून पीठ घट्ट मळायचे, दोन पळसाच्या पानांमध्ये थापायचे आणि घरामागच्या सांदवाडीत गोवऱ्या जळून निखाऱ्यांचा जगरा पडला की त्यात घालून वरून निखारे सारायचे. पाने करपून काळी होतात. ती सोलली की पानाची शीर न शीर पानग्याच्या खरपूस अंगावर उमटलेली दिसते आणि त्यावर तूप सोडले की ते त्या रेषांतून पसरत जाते. दोन पानगे खाल्लेल्या माणसाला सकाळपर्यंत भूक लागत नाही, हे तुला मी वेगळे सांगायला नको.

पानग्यांबरोबर निखाऱ्यावर भाजलेल्या भेदराची, म्हणजे टमाट्यांची, चटणी आणि वांग्याची भाजी करू. चित्रपटात त्या चार बुटक्या पोरांपैकी तिघे उजाड टेकडीवर रात्री टमाटे आणि मांस भाजायला आग पेटवतात आणि त्या उजेडामुळेच शत्रूला त्यांचा ठावठिकाणा लागतो, तेव्हा ही चटणी नेमकी त्याच वेळी पुढे यायला हवी. सुरुवातीच्या वाढदिवसाला भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि सफरचंदाच्या फोडी ठेव. शेतातून भाजीपाला आणि अळंबी पळवण्याचा प्रसंगही आहे. शेतकरी म्हणून मला त्या पोरांचा राग येतो, पण त्यांची भूक खरी आहे. आपल्या रानातल्या सात्या, म्हणजे पावसाळी अळंबी, पावसाबरोबर संपलेल्या असतात, म्हणून अळंबी घ्यायचीच तर चंद्रपूरहून पाकिटातली आण. रानातली न ओळखीची अळंबी कोणी कितीही खात्रीने आणून दिली तरी चुलीवर चढवू नकोस.

आता सरबतातून धूर काढायला तू यादीत लिहिलेल्या कोरड्या बर्फाविषयी. तो आणू नकोस, हे मी आग्रहाने सांगतो. तो गोठवलेला कर्बवायू असतो, उणे ७८ अंशांवरचा. हाताला लागला तर कातडी जळते, सरबतातला तुकडा चुकून गिळला गेला तर पोटात इजा होते आणि दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत तो वायू खाली साचत जातो, जिथे आपल्याकडे मुले सतरंजीवर निजलेली असतात. धुराची हौस सांदवाडीतला जगरा भागवील.

विजेचा हिशोबही करून ठेवला आहे. आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची, म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. टीव्ही, स्पीकर, एक पंखा आणि एक दिवा मिळून २०० वॅट धरले तर नऊ तास दिसतात, पण वाटेतली घट आणि बॅटरी तळापर्यंत न उतरवण्याचे पथ्य पाहता पाच तासांहून जास्त वेळ तिच्यावर विसंबू नये. म्हणून वीज असेतो तिच्यावरच चालवू आणि रात्रीचा लांबचा चित्रपट सुरू होण्याआधी बॅटरी भरलेली आहे ना, हे तुझा भाऊ पाहील. चित्रपट शहरातूनच रीतसर उतरवून आण. गावात नेट ऐन रंगात अडते.

शेवटचे काम तुझे एकटीचे आहे. जपानी आणि इंग्रजी चित्रपटांखालची अक्षरे मुलांना इतक्या वेगाने वाचता येणार नाहीत, आणि आजीला तर मुळीच नाही. प्रत्येक चित्रपटाआधी समोर उभी राहून निम्मी गोष्ट आपल्या बोलीत सांग आणि ऐन ठिकाणी सोडून दे. तुला ते उत्तम जमते. लहानपणी तू भावाला गोष्ट सांगायला बसलीस की आम्ही दोघेही कामे टाकून ऐकत असू.

मैत्रिणी किती येणार, त्यांच्यापैकी कोणाला भुईमूग किंवा आणखी काही चालत नाही का, आणि बल्लारशाला तुम्ही कोणत्या गाडीने उतरणार, हे येत्या रविवारपर्यंत कळव, म्हणजे पत्रावळ्या आणि तांदूळ त्या अंदाजाने सांगता येतील. पळसाची पाने मी आदल्या दिवशी संध्याकाळी तोडून आणीन.

तुझे,
बाबा