पुसून टाकू नकोस, आधी हे वाच

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रात्री फोनवर म्हणालास, व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, आभासी कॉम्प्युटर) सुरू होता होता मध्येच अडतंय, रविवारी सगळं पुसून नव्याने बसवतो. ते ऐकल्यापासून चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो. वाचनालयाच्या सगळ्या नोंदी त्यात आहेत आणि त्या भरायला काकांनी दोन वर्षं घातलीत, हे मी पाहिलंय.

तुझ्या बोलण्यातल्या दोन गोष्टी डोक्यात घोळत राहिल्या. लॅपटॉपवर हेच मशीन झटकन उठायचं, वाचनालयातल्या 2010 च्या कॉम्प्युटरवर नेल्यापासून अडायला लागलं. आणि दुसरी तू जाता जाता सांगितलीस: वैतागून कीबोर्डची बटणं दाबत सुटलास की ते एकदम पुढे सरकतं. खरी खूण तीच आहे. माझं मशीन असंच अडायचं, तेव्हा मी यात तीन रात्री घालवल्यात. डिस्क तपासली, रॅम वाढवली, नेटवर्क काढून पाहिलं. शेवटी डीमेसेजमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या संदेशांच्या यादीत, 'रँडम: सीआरएनजी इनिट डन' (यादृच्छिक आकडे देणारी यंत्रणा तयार झाली) ही ओळ सापडली, आणि तिच्याआधी छापलेली वेळ होती तीनशे सेकंदांच्या वर. पाच मिनिटं ते मशीन फक्त वाट पाहत होतं.

वाट कसली? दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचसारख्या सेवांना सुरू होतानाच, कोणालाही ओळखता येणार नाहीत असे आकडे लागतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते कुठून आणतो, तर बटणं दाबण्यातलं कमीजास्त अंतर, माऊसची हालचाल, डिस्कची ये-जा यांतून. कोपऱ्यात एकट्या पडलेल्या व्हर्च्युअल मशीनला यातलं फार थोडं मिळतं. अशा अनियमिततेचा पुरेसा साठा होईपर्यंत 'गेटरँडम', म्हणजे कर्नलकडे हे आकडे मागायची सोय, मागणाऱ्याला थांबवून ठेवते. तुझ्या मशीनवरच्या डेबियन 10 या लिनक्स प्रणालीचा 4.19 कर्नल याबाबतीत जुन्यांपेक्षा कडक आहे. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच, पण आपला जीव टांगणीला लागतो.

सप्टेंबर 2019 मध्ये तर लिनक्सचा जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्सपुढे हा प्रश्न आला होता. एक्सटी4 (डिस्कवर फाइली मांडायची लिनक्सची पद्धत) मधल्या एका सुधारणेमुळे सुरू होताना डिस्कची ये-जा घटली, त्यामुळे साठा जमेना आणि मशीन अडू लागलं. सुधारणेत चूक काहीच नव्हती, तरी त्याने कर्नलची 5.3 आवृत्ती बाहेर पडण्याआधी ती मागे घेतली. माणसाचं मशीन सुरू झालं पाहिजे, हे त्याने आधी पाहिलं. मला ते फार आवडलं. पुढे 5.4 पासून कर्नल प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक चढउतारांवरून स्वतःच साठा करू लागला.

आता तुझा लॅपटॉप. त्याच्या प्रोसेसरमध्ये आरडीरँड नावाची, असे आकडे थेट देणारी सूचना आहे आणि डेबियन 10 तिच्यावर विसंबतं. इंटेलने ती 2012 मध्ये आणली, वाचनालयातला कॉम्प्युटर त्याआधीचा. (नव्या कॉम्प्युटरवरही व्हर्च्युअल मशीनला जुना 'केव्हीएम64' प्रोसेसर नेमून दिला, तर ती दिसेनाशी होते. माझं तसंच झालं होतं.)

तर असं कर. मशीन नीट बंद कर आणि सगळ्यात आधी डिस्कची फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करून ठेव. मग व्हर्ट-मॅनेजरमध्ये (व्हर्च्युअल मशीन सांभाळायचा प्रोग्रॅम) मशीनच्या तपशिलात 'ॲड हार्डवेअर' मधून 'आरएनजी' (असे आकडे पुरवणारं उपकरण) निवड, स्रोत म्हणून मुख्य कॉम्प्युटरचं 'डेव्ह यूरँडम' (तिथले असे आकडे देणारी फाइल) दे आणि सुरू कर. मग डीमेसेजमध्ये ती ओळ शोध. पहिल्या काही सेकंदांतच आली पाहिजे.

तरीही अडलं आणि पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत दीड मिनिटाचं घड्याळ दिसलं, तर दुखणं वेगळं. तेव्हा एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेली फाइल) जुन्या लॅपटॉपवरच्या एखाद्या डिस्कची ओळ राहिली आहे का, ते बघ.

डेबियन 10 ची दीर्घ मुदतीची देखभालही जून 2024 मध्ये संपली, तेव्हा कधीतरी आपण दोघं बसून ते आधी 11 वर, मग 12 वर नेऊ. पण ते नंतर. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे. पडद्याचा फोटो पाठव, आणि काकांना सांग, नोंदी जागच्या जागी आहेत.

तुझाच