बिस्किटच्या पुड्यावर फायबरचा आकडा सक्तीचा करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मिरजेत दवाखाने भरपूर, त्यामुळे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांना बघायला येणारे पण भरपूर, आणि बघायला येणाऱ्याच्या पिशवीत नारळपाणी आणि बिस्किटचा पुडा ठरलेलाच, कारण काय तर पचायला हलकं. पेशंटला शुगर आहे का, पोट साफ होतंय का हे कोणी विचारत नाही.

बिस्किट हलकं का, तर ते मैद्याचं असतं, आणि मैदा करताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, मागे राहतो तो मुख्यतः स्टार्च. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या, त्या तुटायला तोंडातल्या लाळेपासूनच सुरुवात होते आणि लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज होऊन रक्तात जातं. फायबर म्हणजे कोंड्यातला, भाज्यांतला चोथा, ते असं तुटत नाही, ते मोठ्या आतड्यापर्यंत जातं आणि पोट साफ व्हायला मदत करतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम कणकेत साधारण ११ ग्रॅम फायबर आहे आणि मैद्यात ३ ग्रॅमपेक्षाही कमी, ज्वारीत १० च्या वर. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली तरी पाचेक ग्रॅम फायबर पोटात जातं.

जुलाब झालेत किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय तर काही दिवस फायबर कमी ठेवा असं डॉक्टरच सांगतात, तेव्हा पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर बरोबरच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं हे चार दिवसांचं पथ्य कायमचं होऊन बसतं. दात नाहीत, भाकरी चावत नाही, मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी मऊ भात, संध्याकाळी परत चहाबरोबर टोस्ट, आणि पोट साफ होत नाही म्हणून रात्री इसबगोल. इसबगोल म्हणजे तरी काय, फायबरच. त्यापेक्षा दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ शिजवलेली भाजी, सालीसकट मुगाची खिचडी द्या ना, दात नसले तरी हे खाता येतं.

शुगरवाल्यांचं तर अजून अवघड. पुड्यावर ‘शुगर फ्री’ लिहिलंय म्हणून चार-सहा बिस्किटं सहज खाल्ली जातात, पण साखर नसली तरी मैदा आहेच आणि त्याचं ग्लुकोजच होणार आहे. ‘मल्टीग्रेन’, ‘नाचणी’ असं समोर मोठ्या अक्षरात असलं तरी पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा, जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो, तिथे पहिलंच नाव मैद्याचं असेल तर नाचणी किती टक्के आहे ते पण तिथेच बघा.

आता माझं मुख्य म्हणणं. पुड्यावर कार्बोहायड्रेट आणि साखर किती हे छापणं सक्तीचं आहे, पण फायबर किती हे कंपनीने तसा दावा केला तरच छापावं लागतं. एफएसएसएआय म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या २०१८ च्या नियमात १०० ग्रॅमला ३ ग्रॅम असेल तर फायबर आहे असं म्हणता येतं आणि ६ ग्रॅम असेल तर ‘हाय फायबर’. म्हणजे ज्यात फायबर जवळजवळ नाहीच त्या पुड्यावर त्याचा उल्लेखच नाही, आणि गिऱ्हाईकाला नेमकं तेच कळायला हवं. बरं ‘हाय फायबर’ पुड्यातली सुद्धा २५ ग्रॅम बिस्किटं खाल्ली तर फायबर मिळतं दीड ग्रॅम, हा हिशोब दुकानात उभं राहून कोण करणार?

म्हणून एफएसएसएआयने बिस्किट, टोस्ट, खारी अशा सगळ्या पाकिटांवर फायबरचा आकडा सक्तीचा करावा, १०० ग्रॅमला किती आणि एका वेळी खातो तेवढ्याला किती असे दोन्ही, आणि पाच-दहा रुपयांच्या छोट्या पुड्यावर पण वाचता येईल एवढ्या अक्षरात, मराठीतून. आपल्या पेपरने हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, मिरज