सर्वकालीन महान स्टीलर्स, आणि त्यात वेबस्टर नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत पिट्सबर्ग स्टीलर्सच्या दहा सर्वकालीन महान खेळाडूंची यादी वाचली. मराठी वर्तमानपत्राने अमेरिकन फुटबॉलला अर्धं पान दिलं, याबद्दल आधी मनापासून आभार. पण यादी वाचल्यापासून डोकं तापलं आहे, म्हणून हे पत्र.

ब्रॅडशॉ, फ्रँको हॅरिस, स्वान, स्टॉलवर्थ, जो ग्रीन, लॅम्बर्ट, ब्लाउंट, वुडसन, पोलामालू, रॉथलिसबर्गर. नावं सगळी मोठीच आहेत. पण माइक वेबस्टर कुठे आहे? आक्रमणाला अकरा जण उतरतात. त्यातले पाच चेंडूच्या रेषेवर वाकून उभे राहतात आणि मागच्यांसाठी अंगावर धक्के घेतात. त्या पाचांतला एकही माणूस आपल्या यादीत नाही. भारताचा सर्वकालीन क्रिकेट संघ छापून त्यात यष्टिरक्षकच ठेवला नसता, तर वाचकांनी आपल्याला सोडलं असतं का?

कहर म्हणजे लेखकाने 1974च्या ड्राफ्टचं, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीचं, भरभरून कौतुक केलं आहे. एकाच ड्राफ्टमध्ये चार हॉल ऑफ फेमर (खेळातल्या महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात गेलेले) मिळाले म्हणून सांगितलं आणि नावं दिली तीनच! पहिल्या फेरीत स्वान, दुसऱ्या फेरीत लॅम्बर्ट, चौथ्या फेरीत स्टॉलवर्थ. पाचव्या फेरीत घेतलेला विस्कॉन्सिन विद्यापीठाचा सेंटर, म्हणजे रेषेच्या मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा खेळाडू, तोच वेबस्टर. ही चूक लेखकाच्या नजरेतून सुटली असेल, पण छापण्यापूर्वी पान कोणी वाचतं की नाही?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नोकरीनिमित्त पिट्सबर्गला होतो. हा खेळ मला शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी शिकवला. त्यांचा सगळा जन्म स्टील मिलमध्ये काम करण्यात गेला होता. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत ते मला थ्री रिव्हर्स स्टेडियमवर घेऊन गेले. चेंडू कुठे गेला ते मला कळेना, तेव्हा माझी बाही ओढून म्हणाले, "चेंडू सोड, 52 नंबर बघ." सगळं स्टेडियम कोट-कानटोप्यांत गुरफटलेलं, आणि हा गडी बाह्या खांद्यापर्यंत वर सारून उघड्या दंडांनी उभा! डाव ठरवायला जमलेला घोळका मोडला की बाकीचे चालत रेषेवर यायचे, वेबस्टर धावत यायचा. वाकायचा, चेंडू पायांमधून मागे, फेक करणाऱ्या ब्रॅडशॉच्या हातात द्यायचा आणि त्याच क्षणी समोरच्या धिप्पाड माणसावर डोक्यानेच आदळायचा. ब्रॅडशॉने पुढे काय केलं हे पाहायची सोयच नाही. वेबस्टर उठला की पुन्हा धावत रेषेवर. त्या दिवसापासून मी स्टीलर्सचा सामना 52 नंबरकडे बघूनच पाहिला. तेराव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, ब्रॅडशॉने डॅलसविरुद्ध 318 यार्ड फेकले, ते आपण ठळक अक्षरांत छापलंत. फेकायला लागणारा वेळ त्याला कोणी मिळवून दिला?

स्टीलर्ससाठी पंधरा हंगाम, 220 सामने, चार सुपर बोल विजेतेपदं. 1997मध्ये हॉल ऑफ फेम. त्या समारंभात त्याची ओळख करून द्यायला स्वतः ब्रॅडशॉ उभा राहिला होता. ब्रॅडशॉला जे कळलं, ते आपल्या लेखकाला कळू नये?

आणि हे सगळं त्याने कशाच्या मोलावर दिलं, हेही वाचकांना कळायला हवं होतं. निवृत्तीनंतर विस्मरण, वेदना, कधी ट्रकमध्ये झोपण्याची वेळ. 2002मध्ये, पन्नासाव्या वर्षी तो गेला. पिट्सबर्गमध्येच डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. वरून तो धडधाकट दिसत होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षांच्या आघातांच्या खुणा सापडल्या. फुटबॉलपटूंमध्ये सीटीई हा डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा मेंदूचा आजार असतो, हे जगाला त्याच्यामुळे कळलं. त्यानंतर टेरी लाँग आणि जस्टिन स्ट्रेल्झिक यांच्या मेंदूतही तेच निघालं. दोघेही स्टीलर्सच्या त्याच रेषेवरचे. वेबस्टरच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाचा वाद मात्र त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिला आणि 2006मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला. रेषेवरच्या माणसाला जिवंतपणी न्याय नाही आणि मेल्यावर यादीत जागाही नाही, हे मला सहन होत नाही.

दहाच नावं हवी असतील तर स्वानला काढा. झेल देखणे होते, मान्य. पण नऊ हंगामांत 336 झेल आणि दुसरीकडे पंधरा हंगाम रोज डोकं आपटणं, यांची बरोबरी मी करू शकत नाही. अकरावं नाव घालायची तयारी असेल तर डरमाँटी डॉसनचाही विचार करा. वेबस्टरनंतर तीच जागा त्याने सांभाळली आणि 2012मध्ये तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आणखी एक. ब्रॅडशॉचा हेल्मेटमधला फोटो आपण उलटा छापला आहे. स्टीलर्सच्या हेल्मेटवर चिन्ह फक्त उजव्या बाजूला असतं. 1962पासून तसंच आहे. आपल्या फोटोत ते डावीकडे दिसतं. पिट्सबर्गमधलं शाळकरी पोरही ही चूक पकडेल.

येत्या रविवारी वेबस्टरवर निदान एक चौकट छापावी आणि फोटो सुलटा करून द्यावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
पुणे