नऊ ट्रॉफ्या आणि एक टेड

प्रिय पश्या,

तुझं म्हणणं वाचलं, की बेसबॉलमध्ये टेड विल्यम्सपेक्षा जो डिमॅजिओ मोठा, कारण जोकडे ९ वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची दरवर्षीची फायनल), टेडकडे एकही नाही, विषय संपला. असा कसा संपेल रे? त्या ट्रॉफ्या त्याच्या टीमच्या, यँकीजच्या आहेत, एकट्या जोच्या नाहीत.

आकडे घे. जो १९३६ ते १९५१, टेड रेड सॉक्सकडून १९३९ ते १९६०, दोघांचीही १९४३ ते ४५ युद्धात गेली आणि टेडची पुढे कोरियात अजून जवळजवळ दोन वर्षं. होमरन (आपल्या सिक्सरसारखे) जोचे ३६१ आणि टेडचे ५२१, पण टेड सहा सीझन जास्त खेळलाय म्हणून बेरजा मी फार धरत नाही. बॅटिंग ॲव्हरेज, म्हणजे दर बॅटिंगमागे किती हिट (बॉल मारून बेस गाठणं), जोचं ०.३२५ आणि टेडचं ०.३४४, ठीके, तेही सोड.

खरी गंमत वॉकमध्ये आहे. आपण क्रिकेटवाले, ऑफस्टंपबाहेरचा बॉल सोडला तर आपल्याला टाळ्याही मिळत नाहीत, तिकडे चार वाईट बॉल सोडले की फर्स्ट बेस फुकट, हाच वॉक, आणि बॅटिंग ॲव्हरेजमध्ये हे मोजतच नाहीत! टेडचे वॉक २०२१, जोचे ७९०. ते धरून ऑन-बेस (किती वेळा बेसवर पोचला) काढलं तर टेड ०.४८२, जो ०.३९८. म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आले तर टेड ८४ वेळा जास्त बेसवर. करिअरचा हा रेकॉर्ड अजून कुणी मोडला नाहीये.

१९४१ चं तर तू बोलूच नकोस. जोची सलग ५६ मॅचमध्ये हिट मारायची स्ट्रीक भारीच, पण त्याच दिवसांत जोचं ॲव्हरेज ०.४०८ आणि टेडचं ०.४१२! शेवटच्या दिवशी टेड ०.३९९५ वर होता, बाहेर बसला असता तरी ०.४०० धरलं असतं, पण पठ्ठ्या फिलाडेल्फियात दोन्ही मॅच खेळला, ८ पैकी ६ हिट, ०.४०६. एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) कोण, तर जो. १९४७ ला टेडने ट्रिपल क्राउन मारला (ॲव्हरेज, होमरन आणि रन आणून देणं, तिन्हीत पहिला) तरी एमव्हीपी जोच, मतदानात २०२ विरुद्ध २०१ पॉइंट, आता बोल.

एक मात्र मान्य. ३६१ होमरन मारणारा माणूस अख्ख्या करिअरमध्ये फक्त ३६९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) होतो, हे बघून माझीपण बोलती बंद होते. त्यात यँकी स्टेडियमची लेफ्ट-सेंटरची बाउंड्री ४५७ फूट लांब, बिचाऱ्याचे घरी १४८ आणि बाहेर २१३ होमरन. ते ग्राउंड त्याला नडलं, शंकाच नाही. आणि फिल्डिंगमध्ये टेड जोच्या जवळपासही नाही, सेंटर फील्डला जो म्हणजे जोच.

आता तू १९४६ ची सिरीज काढणार, टेडचे २५ पैकी ५ हिट, माहितेय मला. पण आधी जोची १९४९ ची सिरीज बघ, १८ पैकी २. आणि यँकीज तरी ४-१ ने जिंकले.

तुझा,
बाळ्या