सुट्टीतलं लेखन शिबिर घेताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

यंदा सुट्टीत अमळनेरला मुलांचं लेखन शिबिर घेते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. काम मोलाचं आहे, म्हणून सुचेल ते सगळं एकदाच लिहिते.

आधी तारखा पक्क्या कर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे शिबिर ठेवू नकोस. मुली झोक्यावर असतात, घरात पाहुणे असतात, आणि अर्धा गट गळाला की उरलेल्यांचंही मन उडतं. आखाजी आटोपल्यावर 10 दिवस सलग घे. वेळ सकाळी साडेसात ते पावणेदहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 अंशांवर जातो. दहानंतर पत्र्याच्या खोलीत मूल लिहीत नाही, नुसता घाम पुसत बसतं. ओल्या हाताखाली जेलपेनची शाई फिसकटते, तेव्हा पेन्सिल किंवा साधं बॉलपेनच आणायला सांग.

एका गटात 15 च्या वर मुलं नकोत. हा आकडा वाचनावरून ठरतो: प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी अर्धा तास जातो, आणि ज्याचं वाचायचं राहून गेलं ते मूल दुसऱ्या दिवशी मन लावून लिहीत नाही. 9 ते 12 आणि 13 ते 16 असे वेगळे गट कर. मोठ्यांपुढे लहान तोंड उघडत नाहीत, आणि लहानांपुढे मोठे खरं लिहीत नाहीत.

खरी झुंज निबंधाशी आहे. ‘उन्हाळा’ हा विषय दिलास तर पंधराही वह्यांत एकच उन्हाळा येईल, रणरणतं ऊन आणि थंडगार सरबत. म्हणून विषय देऊ नकोस, बघायला काम दे. मे महिन्यात गल्लोगल्ली बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करणं चाललेलं असतं. कुणाच्या तरी अंगणात मुलांना 20 मिनिटं नेऊन बसव. प्रत्येकानं पाचच गोष्टी टिपायच्या: एक आवाज, एक वास, हाताची एक हालचाल, कानावर पडलेलं एक वाक्य, आणि इतरांच्या नजरेतून सुटली असेल अशी एक गोष्ट. ज्वारीचा गरम घाटा कापडावर थापताना बाई दर दोन थापांनी बोटं पाण्यात बुडवते, लसणाचा तुकडा हाताला लागला तर उचलून बाजूला टाकते. हे ज्याला दिसलं, त्याला ‘सुंदर’ आणि ‘रमणीय’ हे शब्द शोधावे लागत नाहीत.

परत आल्यावर 25 मिनिटं लिहायचं. तेवढा वेळ खोडरबर गोळा करून ठेव, नाहीतर पहिलंच वाक्य पाच वेळा खोडलं जातं आणि पुढे काही येत नाही. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी. तेव्हा एकच सूचना दे: जे वाक्य अंगणात न जाता घरबसल्याही लिहिता आलं असतं, त्याखाली रेघ मार. रेघांची वाक्यं काढून मजकूर पुन्हा लिहायचा. लाल पेन तू हातात धरूच नकोस, रेघ मुलानं स्वतः मारली पाहिजे.

शेवटांकडे लक्ष दे. ‘आणि मला जाग आली’ किंवा ‘म्हणून आपण झाडे लावली पाहिजेत’ हमखास येईल. रागावू नकोस. शेवटची दोन वाक्यं हातानं झाकून वाचायला लाव. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपलेली असते, आणि ते मुलाला आपसूक कळतं.

बोलीबद्दल मी अगदी आग्रहानं सांगते. आजी ‘कथा जाई ऱ्हायना रे?’ म्हणते, तिच्या तोंडी ‘कुठे चालला आहेस?’ घातलंस तर ती आजी उरत नाही. अहिराणी, लेवा बोली, पावरी, जे घरात आहे ते वहीत येऊ दे. शुद्धलेखनाची काळजी नको. मोठ्यानं वाचल्यावर गटाला कळलं, तर लिहिणं बरोबर आहे. ज्याचा हात मागे पडतो त्याला बोलायला सांग आणि तू उतरवून घे. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी घरच्या माणसांनी उतरवून घेतली म्हणून आपल्यापर्यंत आली.

वाचन झाल्यावर ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणायचं नाही. कोणतं वाक्य लक्षात राहिलं आणि कुठे आणखी ऐकावंसं वाटलं, एवढंच सांगायचं. हा नियम तुलाही लागू. मोठ्या गटात प्रत्येकाला न वाचण्याची मुभा दे. ते पान दुमडून ठेवायचं, कुणी उघडायचं नाही. मात्र एखाद्यानं स्वतः दाखवलं आणि त्यात मारहाण किंवा नको तो स्पर्श दिसला, तर ते गटात वाचू देऊ नकोस. मुलाशी एकांतात बोल, कुणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नकोस, आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन कर.

स्पर्धा नको, बक्षिसं नकोत. पालक मागतील, तरी ठाम राहा. नंबर आला की मुलं पहिल्या मुलासारखं लिहायला लागतात. त्याऐवजी हस्तलिखित काढा. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी हस्तलिखित दैनिक काढत, तेव्हा गावाला हे नवं नाही. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, एका मुलाला एक कागद. सगळे कागद एकात एक घालू नकोस, एकाच्या मजकुरात दुसऱ्याची पानं घुसतात. प्रत्येक कागद वेगळा दुमडून चळत लाव आणि घडीच्या कडेपासून एक सेंटीमीटरवर दाभणानं तीन भोकं पाडून शिव. घडीच्या बाजूला प्रत्येक पानावर तीन सेंटीमीटर जागा सोडायला आधीच सांग, नाहीतर अक्षरं शिवणीत जातात. स्केचपेन मागच्या पानावर उमटतं, चित्रं रंगीत पेन्सिलींनीच काढू देत.

मुलांची नावं आणि वयं आली की मला कळव, गट कसे पाडायचे ते बघू.

तुझी,
आई