मार्क्स कार्डावरचं एक इनिशियल आणि बोटीवरची नोकरी

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आमच्या खानापूर भागातली बरीच पोरं हल्ली बोटीवर जायचं म्हणत्यात, चोर्ला घाटातनं गोव्याला कोर्सला जात्यात, त्यांच्या आईबापांसाठी हे लिहालोय.

माझा पुतण्या मराठी मीडियमला शिकलेला. त्याच्या दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव आणि पुढं एक इनिशियल, बस्स. आधारवर मात्र स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं तिन्ही, आणि पासपोर्ट आधार बघून काढला. सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक, त्याच्या आधी इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा सरकारी ओळख नंबर, काढावा लागतो, त्या ऑनलाइन अर्जाला मार्क्स कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जोडलं, तर नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत. वडिलांच्या नावात यल्लाप्पाचा एल एकीकडं एक, दुसरीकडं दोन, ते वेगळंच. तिकडं महाराष्ट्रात मार्कशीटवर आडनावासकट पूर्ण नाव येतं, आमच्याकडं इनिशियलवर भागतं, आणि बॉर्डरवरच्या माणसाकडं दोन्ही पद्धतीची कागदं असतात की ओ.

नोटरीकडनं अ‍ॅफिडेव्हिट केलं, चाललं नाही. मार्क्स कार्ड दुरुस्त करायचं तर अर्ज शाळेमार्फत बेंगळुरूला बोर्डाकडं. मी शाळेत गेलो तर क्लार्कनं जुनं रजिस्टर काढलं, त्यात आडनाव स्वच्छ लिहिलेलं! म्हणजे बोर्डाला नाव पाठवतानाच गाळलं होतं. पोरगं आता 23 चं, जीपी रेटिंगच्या, म्हणजे साध्या खलाशाच्या, कोर्सला साधारण 25 च्या आत लागतंय, त्यामुळं घरात सगळ्यांची झोप उडालीय.

म्हणून सांगतो, फी भरायच्या आधी मार्क्स कार्ड, आधार, पासपोर्ट तिन्ही कागद एका टेबलावर ठेवून एकेक अक्षर लावून बघा. बापाचं नाव पण. आणि डोळे. डेकवर जायचं असेल तर रंग नीट ओळखता आले पाहिजेत, ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवून आकडा विचारतात, रात्री समोरच्या बोटीचा लाल दिवा कुठला नि हिरवा कुठला हे कळलं नाही तर काय उपयोग. आमच्या ओळखीतल्या एकानं कोर्सचे पैसे आधी भरले आणि मेडिकल नंतर केली, आता बसलाय. डीजी शिपिंगनं, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्यानं, मान्यता दिलेल्या डॉक्टरकडंच तपासणी करा, गावातल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही.

बाकी आग विझवणं, पाण्यात जीव वाचवणं, प्रथमोपचार असले एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगच्या जागतिक नियमातले, बेसिक कोर्स असतात, ते पोरं करत्यात, त्याचं एवढं काही नाही. सीडीसी म्हणजे पुस्तकच असतं, बोटीवर कधी चढला कधी उतरला ह्याची नोंद त्यात होते. ते हातात आलं म्हणजे नोकरी लागली असं नव्हे, एजंट मात्र तसंच सांगत्यात. एजंटला आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी लायसनचा नंबर, विचारा आणि तो डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आहे का बघा, नंबर विचारल्यावर विषय बदलला तर उठून या.

आमच्या भागातल्या मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. दहावीच्या परीक्षेला पोरांची नावं पाठवायच्या आधी ती यादी एकदा पालकांना दाखवून सही घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या पेपरात हे छापलं तर निदान पुढच्या बॅचची पोरं सुटतील. आमचा अर्ज अजून बोर्डाकडंच आहे, पुतण्या रोज सायबरवाल्याकडं जाऊन स्टेटस बघून येतो.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव